कीपॅडचा मोबाइल: सिम घालण्यापासून मेसेज पाठवण्यापर्यंत

कीपॅडच्या फोनवर बहुतेक जण एकाच ठिकाणी अडतात. बटण दाबतात, पण दाबण्याआधी स्क्रीनच्या तळाची ओळ वाचत नाहीत. टचच्या फोनवर जिथे बोट ठेवाल तिथेच काम होतं. इथे बटण तेच राहतं आणि त्याचं काम दर स्क्रीनला बदलतं. स्क्रीनच्या लगेच खाली डावं आणि उजवं अशी दोन बटणं असतात. त्यांच्यावर नाव छापलेलं नसतं, फार तर एक आडवी रेघ असते. त्यांची नावं स्क्रीनच्या तळाशी, त्या त्या बाजूला उमटतात. आत्ता डावीकडे 'मेनू' असेल, पुढच्या स्क्रीनवर तिथेच 'पर्याय' येईल, त्यानंतर 'निवडा' किंवा 'ठीक'. म्हणून 'डावं बटण दोनदा दाब' असं पाठ करून काही उपयोग नाही. तळाला काय लिहिलंय ते वाचायचं आणि मग दाबायचं. ही एक सवय लागली की पुढच्या पायऱ्यांतलं निम्मं आपोआप जमतं.

दुसरी गोष्ट म्हणजे दाबून सोडणं वेगळं आणि दाबून धरणं वेगळं. पुढे 'दाबून धरा' असं लिहिलंय तिथे साधारण दोन सेकंद बोट उचलायचं नाही.

आधी हाताशी काय ठेवायचं

- फोन, त्याची बॅटरी आणि पाठीचं झाकण
- सिम, आणि ते ज्या मोठ्या कार्डातून सुटं केलं ते कार्डही (त्यावर पिन आणि पीयूके, म्हणजे सिमचं कुलूप उघडायचे आकडे, छापलेले असू शकतात, फेकू नका)
- सिम नॅनो असेल तर प्लास्टिकचं अडॅप्टर
- चार्जर
- कागद आणि पेन
- रेडिओ ऐकायचा असेल तर वायरचा इयरफोन
- गाणी किंवा फोटो ठेवायचे असतील तर मेमरी कार्ड, ३२ जीबी किंवा त्याहून लहान
- जवळचा चष्मा लागत असेल तर तो, कारण बॅटरीखालचे आकडे फार बारीक असतात

फोन अजून घ्यायचाच असेल तर एक गोष्ट आधी तपासा. कीपॅडचे बरेच फोन फक्त टूजीवर चालतात आणि काही नेटवर्कवर टूजी उरलेलंच नाही. अशा नेटवर्कचं सिम घातलं तर फोन चांगला असूनही रेंज येणार नाही. तिथे फोरजी आणि त्यावरून बोलण्याची सोय, म्हणजे व्होल्टी, असलेलाच कीपॅड फोन लागतो. खोक्यावर हे लिहिलेलं असतं.

१. सिम आणि बॅटरी बसवणं

फोन बंद असू द्या. झाकणाच्या खालच्या कडेला किंवा कोपऱ्यात नखाएवढी खाच असते, तिथून उचला. स्क्रू शोधू नका, बहुतेक झाकणं नुसती अडकवलेली असतात. आत बॅटरी दिसेल. तिच्या ज्या टोकाला धातूचे पट्टे आहेत त्याच्या विरुद्ध टोकाला नख घालून ती वर काढा.

बॅटरीखालच्या चिठ्ठीवर आयएमईआय नावाचा १५ आकडी क्रमांक असतो. दोन सिमच्या फोनला असे दोन असतात. ते आत्ताच कागदावर उतरवा. फोन हरवल्यावर तक्रार करताना हाच क्रमांक विचारतात, आणि तेव्हा तो बॅटरीसकट फोनबरोबर गेलेला असतो. नंतर फोन चालू असताना *#०६# दाबलं तरी तो स्क्रीनवर येतो, हिरवं बटणही दाबावं लागत नाही.

सिमचे तीन आकार चालतात: मिनी २५ × १५ मिलिमीटर, मायक्रो १५ × १२ आणि नॅनो १२.३ × ८.८. कीपॅडच्या फोनांत बहुधा मिनीची, काहींत मायक्रोची जागा असते. हल्लीची सिमं तिन्ही आकारांच्या खुणा पाडूनच येतात, त्यामुळे गरजेपेक्षा लहान तोडायची घाई करू नका. आधीच नॅनो तोडलं असेल तर ते अडॅप्टरमध्ये बसवून मग खाचेत सरकवा. इथे दोन चुका हमखास होतात. पहिली, नॅनो सिम अडॅप्टरशिवाय ढकलून देणं. ते आत तिरकं होऊन अडकतं. दुसरी, रिकामं अडॅप्टर 'बसतंय का बघू' म्हणून घालणं. आतल्या बारीक स्प्रिंगा त्याच्या पोकळीत अडकतात आणि ओढताना वाकतात किंवा तुटतात. मग सिमची ती जागा दुरुस्तीलाच न्यावी लागते.

सिमची सोनेरी बाजू खाली आणि तिरका कापलेला कोपरा खाचेजवळच्या चित्राप्रमाणे. काही फोनांत सिमवर पत्र्याचं छोटं दार असतं. ते आधी बाजूला सरकवायचं, मग वर उचलायचं. उलट क्रमाने केलं तर वाकतं.

आता बॅटरी. तिचे पट्टे फोनमधल्या पिनांना टेकतील अशा बाजूने आधी ते टोक घाला, मग दुसरं टोक खाली दाबा. बॅटरी जुनी असेल तर सपाट टेबलावर ठेवून बोटाने फिरवून पाहा. भिंगरीसारखी फिरली तर ती पोटात फुगलेली आहे, वापरू नका. टोचू नका, दाबून सपाटही करायला जाऊ नका. घरच्या कचऱ्यातही टाकू नका. जिथे जुन्या बॅटऱ्या गोळा करतात तिथेच द्या.

२. चार्जिंग

'नवीन फोन पहिल्यांदा आठ तास चार्जिंगला ठेवावा' हे निकेलच्या बॅटऱ्यांच्या काळातलं आहे. आताच्या बॅटऱ्या लिथियम-आयनच्या, साधारण ३.७ व्होल्टच्या असतात आणि भरल्या की फोन स्वतःच चार्जिंग थांबवतो. चिन्हातल्या दांड्या हलायच्या थांबल्या की झालं.

मायक्रो-यूएसबीच्या पिनेची एक बाजू रुंद आणि एक अरुंद असते. अंधारात उलटी घुसवली की फोनचं तोंड सैल होतं, आणि पुढे वायर विशिष्ट कोनात धरल्याशिवाय चार्जिंग होत नाही. तेवढं दोन सेकंद पाहून घाला.

फोन महिनोन्‌महिने कपाटात पडून राहिला असेल तर चार्जर लावल्यावर स्क्रीनवर लगेच काहीही दिसत नाही. फोन मेला असं समजून काढू नका, अर्धा तास तसाच ठेवा. बॅटरी थोडी वर आली की चिन्ह दिसू लागतं.

३. चालू करणं, भाषा आणि तारीख

लाल बटण दाबून धरा. फोन थरथरला किंवा उजळला की सोडा. बंद करायलाही हेच बटण धरायचं.

सिमला पिन असेल तर फोन आधी तो विचारेल. त्याबद्दल सातव्या पायरीत सविस्तर आहे. आकडे माहीत नसतील तर अंदाजाने भरू नका, आधी ती पायरी वाचा.

भाषा बदलायची असेल तर 'सेटिंग', मग 'फोन सेटिंग', मग 'भाषा' असा रस्ता असतो. नावं थोडी इकडेतिकडे होतील. बदलण्याआधी कागदावर मोजून लिहा: मेनूत कितवं चित्र, आत कितवी ओळ, तिच्या आत कितवी ओळ. वाचता न येणारी भाषा चुकून निवडली गेली तर परतीचा रस्ता या मोजणीनेच सापडतो.

तारीख-वेळ लावून घ्या. बॅटरी काढली की काही फोन घड्याळ विसरतात आणि जुनीच कुठली तरी तारीख दाखवू लागतात. मग गजर वेळेवर वाजत नाही, आलेल्या फोनांच्या यादीतल्या वेळाही चुकतात. सेटिंगमध्ये 'वेळ आपोआप' असा पर्याय असेल तर चालू करा.

४. बटणांची ओळख

फोन हातात घेऊन, घाई न करता, एकेक बटण दाबून पाहावं अशी ही पायरी आहे.

हिरवं बटण फोन लावायला आणि घ्यायला. लाल बटण फोन ठेवायला. पण लाल बटणाचं खरं मोल वेगळंच आहे: मेनूत कुठेही हरवलात तरी ते एकदा दाबलं की थेट घड्याळाच्या मूळ स्क्रीनवर येता. एक-एक पाऊल मागे यायचं असेल तर उजवं बटण, तिथे बहुधा 'मागे' लिहिलेलं असतं.

मधोमध चार दिशांचं बटण असतं, त्याच्या पोटात 'ठीक'चं. मूळ स्क्रीनवर या चार दिशांना आडवाटा जोडलेल्या असतात. वर दाबलं की कॅमेरा, खाली दाबलं की नावांची यादी, असं काहीतरी. हे प्रत्येक फोनात वेगळं असतं. म्हणून मेनू उघडायचा म्हणून दिशांवर बोट फिरवू नका, तळाला 'मेनू' लिहिलेलं बटणच दाबा.

आकड्यांची मांडणी १-२-३ वरून सुरू होते. कॅल्क्युलेटरवर ७-८-९ वर असतात. दिवसभर हिशेबाची बटणं दाबणाऱ्यांची बोटं इथे सवयीने चुकतात. ५ वर एक बारीक उंचवटा असतो. अंगठा तिथे टेकवला की न बघता बाकीचे आकडे सापडतात: वर २, खाली ८, डावीकडे ४, उजवीकडे ६. अंधुक दिसणाऱ्या माणसाला फोन शिकवताना इथूनच सुरुवात करा.

तळाच्या ओळीत * ला स्टार आणि # ला हॅश म्हणतात. ० दाबून धरलं किंवा * दोनदा पटकन दाबलं की + येतो. १ दाबून धरलं तर बहुधा व्हॉइसमेलला, म्हणजे लोकांनी बोलून ठेवलेले निरोप ऐकायच्या सोयीला, फोन लागतो. एकच आकडा दाबून धरून ठरलेल्या माणसाला फोन लावायच्या सोयीसाठी, म्हणजे स्पीड डायलसाठी, म्हणूनच २ ते ९ एवढीच बटणं मोकळी असतात. # दाबून धरलं की बऱ्याच फोनांत आवाज बंद होतो. 'फोन अचानक वाजेनासा झाला' या तक्रारीमागे कितीदा तरी खिशात दाबलं गेलेलं हेच बटण असतं.

५. फोन लावणं आणि घेणं

मूळ स्क्रीनवर आकडे दाबा, स्क्रीनवर वाचून पाहा, मग हिरवं बटण. आकडा चुकला तर उजव्या बटणाने एक-एक पुसतो, तेच दाबून धरलं तर सगळे.

मूळ स्क्रीनवर हिरवं बटण एकदा दाबलं की शेवटी लावलेल्या क्रमांकांची यादी उघडते, दुसऱ्यांदा दाबलं की सगळ्यात वरच्याला फोन लागतो. खिशातून आपोआप लागणारे फोन असेच लागतात.

फोन येतोय आणि घ्यायचा नाही, तर लाल दाबू नका, लगेच कट होतो. तळाला 'शांत' लिहिलेलं बटण दाबा. घंटी थांबते, पण समोरच्याला वाजत असल्याचंच ऐकू येतं.

बोलताना आवाज कमी वाटला तर दिशांच्या बटणाने वर किंवा बाजूला दाबून वाढवा. आवाज फक्त बोलणं चालू असतानाच असा बदलतो, एरवी त्याच बटणाने दुसरंच काही उघडतं. तळाला 'लाउड' किंवा 'स्पीकर' दिसलं की ते दाबण्याआधी फोन कानापासून दूर घ्या.

बोलताना मध्येच दुसरा फोन आला की कानात टूं-टूं वाजतं. हिरवं दाबलं की पहिला माणूस थांबून राहतो आणि दुसऱ्याशी बोलता येतं. पुन्हा पहिल्याकडे यायला 'पर्याय'मध्ये 'अदलाबदल' असतं. बऱ्याच फोनांवर २ दाबून हिरवं दाबलं तरी तेच होतं. ही सोय बंद असेल तर *४३# आणि हिरवं.

रेकॉर्ड केलेला आवाज 'अमुकसाठी एक दाबा' म्हणतो तेव्हा फोन कानावरून काढून १ दाबायचा, हिरवं नाही. लाल तर मुळीच नाही. दाबूनही पलीकडे काही कळत नसेल तर सेटिंगमध्ये बटणांचे टोन बंद आहेत का ते पाहा. एखाद्या कार्यालयाचा मुख्य क्रमांक आणि आतला क्रमांक एकत्र साठवायचा असेल तर मुख्य क्रमांकानंतर * तीनदा पटकन दाबून 'पी' आणा आणि पुढे आतला क्रमांक लिहा. फोन लागल्यावर यंत्र थोडं थांबून आतला क्रमांक स्वतःच दाबतं. बऱ्याच फोनांत हे चालतं, पण फार थोड्यांना माहीत असतं.

तातडीसाठी ११२ हा जीएसएम मानकातच ठरलेला क्रमांक आहे. कीपॅडला कुलूप असलं तरी तो लागतो. म्हणूनच लहान मुलाच्या हातात कुलूप लावलेला फोन देऊन निर्धास्त होऊ नका.

६. नावं साठवणं

क्रमांक दाबा, 'पर्याय', 'साठवा', नाव, 'ठीक'. एवढंच. पण साठवताना फोन एकदा विचारतो: सिमवर की फोनमध्ये? (विचारत नसेल तर नावांच्या सेटिंगमध्ये ते ठरवलेलं असतं.) पुढचा सगळा गोंधळ या एका उत्तरातून निघतो.

सिमवर जागा मोजकी असते, साधारण २५० नावं. एका नावाला बहुधा एकच क्रमांक, आणि नावही लहान. देवनागरीत लिहिलं तर आणखीच कमी अक्षरं मावतात आणि शेवट कापला जातो. फायदा हा की सिम दुसऱ्या फोनात घातलं की नावं बरोबर जातात. फोनमध्ये नाव लांब चालतं, क्रमांकही दोन-तीन, पण फोन बिघडला की सगळं गेलं. घरच्यांचे आणि अडीअडचणीचे क्रमांक सिमवर, बाकीचे फोनमध्ये, ही वाटणी सोयीची पडते.

यादीत एकच माणूस दोनदा दिसला तर तो सिमवरही आहे आणि फोनमध्येही. घाईने एक पुसू नका. नावापुढचं बारीक चित्र पाहा, सिमचं वेगळं असतं. सगळी नावं इकडून तिकडे न्यायची असतील तर 'कॉपी' निवडा. 'हलवा' निवडलं की मूळ जागेवरून ती निघून जातात.

क्रमांक + आणि देशाच्या कोडसकट साठवा, म्हणजे गावाबाहेर काय, देशाबाहेरूनही लागतो. नावाचा पहिला शब्द ओळखू येईल असा ठेवा. यादी पहिल्या अक्षरावर लागते. पाच जणांची नावं 'काका'ने सुरू झाली तर पाच वेळा खाली जावं लागेल. यादी उघडून अक्षराचं बटण दाबलं की ती थेट त्या अक्षरावर जाते.

स्पीड डायलसाठी नावांच्या मेनूत २ ते ९ पैकी एका आकड्याला क्रमांक जोडा. मग मूळ स्क्रीनवर तो आकडा दाबून धरला की फोन लागतो. ज्यांना यादी वाचणं कठीण जातं त्यांच्यासाठी हीच सगळ्यात कामाची सोय. कुठल्या आकड्यावर कोण, ते कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून द्या.

७. तीन कुलपं, तीन किल्ल्या

'फोन लॉक झाला' हे एकच वाक्य लोक तीन निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरतात. एका कुलपाची किल्ली दुसऱ्याला लावली की नुकसान होतं, म्हणून इथे जरा सावकाश.

पहिलं, कीपॅडचं कुलूप. खिशात बटणं दाबली जाऊ नयेत म्हणून. डावं बटण आणि लगेच * असं ते लागतं आणि तसंच उघडतं. काही फोनांत नुसतं * दाबून धरायचं असतं. याला कुठलाही आकडा लागत नाही. कसं उघडायचं ते स्क्रीनच्या तळाला लिहूनच येतं, वाचा.

दुसरं, फोनचा सुरक्षा कोड. फोन परत मूळ स्थितीत न्यायचा असेल, किंवा चालू करताना विचारावा असं ठरवलं असेल, तर हा लागतो. कारखान्यातून येताना तो नोकियाच्या जुन्या फोनांत १२३४५ असतो, बाकीच्यांत बहुधा १२३४ किंवा ००००. नक्की कोणता ते फोनबरोबरच्या पुस्तिकेत असतं.

तिसरं, सिमचा पिन. हा फोनचा नाही, सिमचा. सिम दुसऱ्या फोनात घातलं तरी तिथेही विचारला जातो. चार ते आठ आकडी. तीनदा चुकला की सिम अडतं आणि फोन पीयूके मागतो. तो आठ आकडी असतो, सिमच्या मोठ्या कार्डावर छापलेला असतो किंवा सिम देणाऱ्या कंपनीकडून ओळख पटवून मिळतो. पीयूके दहादा चुकला की ते सिम कायमचं गेलं, नवीनच घ्यावं लागतं.

सगळ्यात जास्त सिमं वाया जातात ती अशी: फोन 'पिन' विचारतो, कुणीतरी 'फोनचा कोड १२३४ असतो' म्हणून सांगतं, मग १२३४, ००००, ११११ असे तीन प्रयत्न होतात. त्यानंतर पीयूके मागितला की तिथेही तेच आकडे. म्हणून स्क्रीनवर कुठला शब्द आहे ते आधी वाचा. 'पिन' लिहिलं असेल आणि आकडा माहीत नसेल तर फोन बंद करून ठेवा आणि कार्ड शोधा. बंद केल्याने चुकांची मोजणी शून्यावर येत नाही, ती सिममध्येच राहते.

पीयूके हाती आला की: **०५* पीयूके * नवा पिन * नवा पिन # (मध्ये जागा न सोडता). पिन माहीत असून नुसता बदलायचा असेल तर: **०४* जुना * नवा * नवा #.

स्टार-हॅशचे असे आकडे कुणी फोनवरून सांगितले म्हणून मात्र कधी दाबू नका. **२१* नंतर एखादा क्रमांक आणि # दाबून हिरवं बटण दाबलं की तुमचे सगळे येणारे फोन त्या क्रमांकाकडे वळतात. 'कुरिअरसाठी एवढं दाबा' किंवा 'सिम बंद पडणार आहे' अशा बतावण्या यासाठीच असतात. बँकेचा सांकेतिक आकडा फोनवरून सांगितला जात असेल तर तोही परस्पर त्या माणसाच्या कानात जातो. शंका आली तर *#२१# आणि हिरवं दाबून फोन वळवलेला आहे का ते पाहा. सगळं वळवणं एकदम काढायला ##००२# आणि हिरवं.

८. मेसेज लिहिणं

'मेनू', 'मेसेज', 'नवीन'. एकेका बटणावर तीन-चार अक्षरं असतात आणि हवं ते अक्षर येईपर्यंत तेच बटण लागोपाठ दाबायचं. इंग्रजी अक्षरांत २ वर ए-बी-सी आहे, ७ वर आणि ९ वर चार-चार.

'बाबा' हा शब्द इंग्रजी अक्षरांत लिहून पाहा, एवढ्यातच सगळं तंत्र कळतं. त्याची चारही अक्षरं २ वरच आहेत. बीसाठी २ दोनदा. आता थांबा, कर्सर पुढे सरकू द्या, साधारण एक सेकंद. मग एसाठी २ एकदा. पुन्हा थांबा. पुन्हा दोनदा, थांबा, एकदा. न थांबता दाबत राहिलात तर एकच अक्षर ए, बी, सी, २ असं फिरत राहील. थांबायचा कंटाळा आला तर उजवी दिशा दाबा, कर्सर लगेच पुढे जातो.

जागा सोडायला ०. विरामचिन्हं १ वर किंवा * मध्ये. # दर दाबण्याला प्रकार बदलतो: लहान अक्षरं, मोठी अक्षरं, आकडे. आत्ता कोणता चालू आहे ते स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यात दिसतं. आकडाच हवा असेल तर त्याचं बटण दाबून धरा.

शब्द भलताच उमटत असेल तर अंदाजाने शब्द देणारी सोय, तिला टी-नाइन म्हणतात, चालू झालेली असते. तिच्यात प्रत्येक अक्षराला एकदाच दाबायचं असतं आणि शब्द फोन ओळखतो. इंग्रजी शब्दांना ती बरी, पण इंग्रजी अक्षरांतल्या मराठीला फारशी कामाची नाही. 'पर्याय'मधून बंद करा.

देवनागरी असलेल्या बऱ्याच फोनांवर ४ वर क-वर्ग, ५ वर च-वर्ग, तिथून पुढे ८ वर प-वर्ग अशी मांडणी असते, म्हणजे बाराखडी येणाऱ्याला शोधत बसावं लागत नाही. जोडाक्षराला पहिल्या अक्षरानंतर हलन्त द्यायचा आणि मग दुसरं अक्षर. तुमच्या बटणांवर छापलंय तेच खरं धरा.

लांबीचा हिशेब मात्र लक्षात ठेवा. इंग्रजी अक्षरांत एका मेसेजात १६० अक्षरं मावतात, देवनागरीत ७०. एकच देवनागरी अक्षर घातलं तरी सगळ्या मेसेजाला ७० चाच हिशेब लागतो. शिवाय काना-मात्रा आणि हलन्त वेगळे मोजले जातात. 'स्त्री' डोळ्यांना एक अक्षर दिसलं तरी फोन सहा मोजतो. मर्यादा ओलांडली की मेसेजाचे तुकडे होतात, प्रत्येकी देवनागरीचे ६७ किंवा इंग्रजीचे १५३, आणि पैसे तुकड्यांवर लागू शकतात. लिहिताना वर कोपऱ्यात उलटी मोजणी चालू असते, तिकडे नजर ठेवा.

पाठवताना 'पर्याय', 'पाठवा', यादीतून नाव, 'ठीक'. मेसेज एकसारखा अडतच असेल तर मेसेजच्या सेटिंगमधला मेसेज केंद्राचा क्रमांक पाहा. तो रिकामा किंवा चुकीचा असेल तर फोन लागतात, मेसेज जात नाहीत. बरोबर क्रमांक सिमच्या कंपनीकडे मिळतो. उलट, येणारे मेसेज थांबले आणि वर पाकिटाचं चित्र लुकलुकत असेल तर जागा भरली आहे. आलेल्यांबरोबर 'पाठवलेले'ही पुसा, कित्येक फोनांत जागा दोघांची एकच असते.

९. घंटी, गजर, टॉर्च, रेडिओ

'प्रोफाइल'मध्ये सामान्य, शांत, सभा, बाहेर असे ठरलेले संच असतात. एखाद्या संचाला वेळ लावता आली तर लावा, म्हणजे ती संपल्यावर आवाज आपोआप परत येतो.

काही फोन बंद असतानाही गजर वाजवतात, काही नाही. पहाटेच्या गाडीच्या आदल्या रात्री हे शोधू नका. दिवसा पाच मिनिटांनंतरचा गजर लावून फोन बंद करा आणि पाहा.

टॉर्चला आपल्याकडे बॅटरी म्हणतात आणि फोनच्या पोटातलीही बॅटरीच, त्यामुळे 'बॅटरी संपली' की 'बॅटरी लागत नाही' हे एकदा नीट विचारून घ्यावं. टॉर्च वरची दिशा किंवा ० दाबून धरल्यावर, किंवा बाजूच्या वेगळ्या बटणाने लागते. तशीच विझते, लाल बटणाने नाही.

एफएम रेडिओला बहुतेक फोनांत वायरचा इयरफोन लावावाच लागतो, कारण ती वायरच अँटेना असते. ऐकायचं स्पीकरवर असलं तरी वायर राहू द्या, आणि गुंडाळून ठेवू नका. ब्लूटूथचा इयरफोन या कामी उपयोगाचा नाही.

मेमरी कार्ड फोन बंद करून घाला. मोठ्या क्षमतेची कार्डं एक्सफॅट पद्धतीने मांडलेली असतात, ती कीपॅडच्या फोनांना वाचता येत नाहीत, फॅट-३२ लागते. फोन स्वतः 'फॉरमॅट करू?' विचारतो तेव्हा 'हो' म्हटलं की कार्डावरचं सगळं पुसलं जातं.

१०. अडलंच तर, या क्रमाने

रेंज नाही: आधी प्रोफाइल 'फ्लाइट' किंवा 'ऑफलाइन' झालंय का पाहा. मग सेटिंगमध्ये नेटवर्कची निवड 'आपोआप' आहे का. मग फोन बंद करून सिम काढा, सोनेरी बाजू कोरड्या मऊ कापडाने पुसा, परत घाला. तेच सिम दुसऱ्या फोनात चालत असेल तर दोष फोनचा.

बॅटरी पटापट संपते: रेंज कमी असलेल्या जागी फोन सतत टॉवर शोधतो आणि जास्त जोर लावून बोलतो, त्यात ती खर्च होते. रात्री जिथे रेंज आहे त्या खिडकीजवळ ठेवून फरक पाहा. ब्लूटूथ चालू राहिलंय का तेही.

फोन गोठला: बॅटरी काढा, दहा सेकंद थांबा, घाला. कीपॅडच्या फोनाचं हे सुख टचच्या फोनाला नाही.

एखादं बटण लागत नाही: फटीत साचलेली धूळ कोरड्या मऊ ब्रशने काढा. पाणी किंवा तेल सोडू नका.

काहीच जमलं नाही तर सेटिंगमध्ये 'मूळ स्थिती' असते. तिथे बहुधा दोन पर्याय दिसतात: फक्त सेटिंग मूळ करा, किंवा सगळं पुसा. आधी पहिला करून पाहा. दुसरा करायचाच झाला तर नावं सिमवर कॉपी झालीत का ते मोजून घ्या, मेमरी कार्ड बाहेर काढा, आणि मगच सुरक्षा कोड भरा.